दसऱ्यानंतरचा झेंडू

२००८ साली आमचा झेंडू दसरा होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी फुलला. चूक माझीच होती. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या सायबर कॅफेत बसून मी इंटरनेटवर, ऑर्कुटवरच्या फूलशेतीच्या कम्युनिटीत शिकायचे. बंगळूरच्या एका शेतकऱ्यानं तिथं लिहिलेला दिवस धरून मी शेंडे खुडले. शेंडा उशिरा खुडला की फूल मागं पडतं, आणि आमची हवा काही बंगळूरची नाही.

"कंप्युटरनं दसरा घालवला! उद्यापासून कॅफे बंद," सासरे पुंजामामा बांधावरून ओरडले.

"का म्हणून बंद? पानावरची लाल कोळीची कीड मला त्याच कम्युनिटीतल्या लोकांनी ओळखायला शिकवली. त्याआधी दोन वर्षं औषधांचा दुकानदार भलतीच पावडर देत होता. तेव्हा दुकानात जायचं बंद केलंत का?"

मी तशीच कॅफेत गेले आणि कम्युनिटीत माझी चूक तारखांसकट लिहून टाकली, म्हणजे नाशिकचं दुसरं कुणी फसायला नको.

घरी येऊन मी ते सांगितल्यावर मामांनी विचारलं, "चारचौघांत आपली चूक सांगितली? लाज नाय वाटली?"

"नाय वाटली. दोन वर्षांत त्या दुकानदाराला वाटली का?"