पुढची चाकं

गिरणीवाल्या आजी वाटेतच गेल्या. डोंगरवस्तीवरून त्यांना आजारी अवस्थेत खाली आणताना आरोग्य केंद्राची एटीव्ही, म्हणजे डोंगरवाटेची जाड चाकांची छोटी गाडी, ओढ्याच्या चिखलात रुतली, ती दोन तास हलली नाही. "चारही चाकांना जोर देणारं बटण ड्रायव्हरनं दाबलंच नसणार," असं जो तो म्हणू लागला. डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं.

ड्रायव्हर म्हणजे गॅरेजवाल्या वहिनींचा धाकटा दीर. आठ दिवस तो ताटातलं चिवडून उठत होता.

"भावजी, खरं सांगा. दाबलं होतं बटण?"

"दिवासुद्धा लागला होता, वहिनी. पण माझं ऐकतंय कोण?"

वहिनींनी गाडी मागवून घेतली. चारही चाकं जमिनीवरून उचलली, बटण दाबलं. दिवा लागला. गिअर टाकला तर मागची चाकं गरगरली, पुढची ढिम्म. फ्यूज शाबूत होता. दिवा लागतो बटणाच्या जोरावर. पुढे करंट पोचला की नाही, हे त्या बिचाऱ्या दिव्याला काय ठाऊक! पुढच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या डिफरन्शियलच्या प्लगला त्यांनी करंट तपासायचा टेस्ट लॅम्प लावला. अंधार.

मग त्या बोटांनी वायर चाचपत निघाल्या. बंपरच्या पट्टीखाली ती चेपून तुटली होती.

तो बंपर महिन्यापूर्वी त्यांनीच बसवला होता, घाईघाईत.

गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तुकडा जोडायला पाच मिनिटं पुरली असती, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्या बराच वेळ पक्कड हातात धरून बसल्या. मग पक्कड खाली ठेवून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"गाडी आहे तशी ठेवलीय. येऊन बघा. चूक माझी आहे, भावजींची नाही."

संध्याकाळी त्या आजींच्या मुलाकडेही गेल्या. त्यानं उंबऱ्यातच सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

दीर सोमवारी कामावर रुजू झाला. केंद्राच्या गाड्या मात्र दुसऱ्या गॅरेजला जाऊ लागल्या.

"तुम्ही गप्प बसला असता तर?" त्यानं एकदा विचारलं.

"तर तुमच्यासमोर जेवायला कुठल्या तोंडानं बसले असते?" वहिनी म्हणाल्या आणि त्याच्या ताटात वाढू लागल्या.