‘सांडणे’, पान १४३

मंगळवार, ११ मार्च २००८. सकाळी सव्वाअकरा वाजता प्लोवदिव शहरातल्या बोलीकोशाच्या कार्यालयात एक कार्ड खोटे निघाले.

कार्ड स्तोयनाबाईंच्या हातचे होते. एकतीस वर्षांत त्यांनी अशी एकेचाळीस हजार कार्डे लिहिली होती. वर शब्द, मध्ये तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य, खाली लेखक, पुस्तक आणि पान. वाक्ये कथा-कादंबऱ्यांतली. खंड छापायला जाण्याआधी प्रत्येक कार्ड मूळ पुस्तकाशी ताडून पाहायचे असा नियम होता आणि त्या आठवड्यात ताडणीला समोरच्या टेबलावरची लिल्याना बसली होती.

शब्द होता ‘सांडणे’. डोंगरातल्या गावांत हे रडण्याला म्हणत नाहीत. मयताच्या दिवशी जो रडतो तो रडतो. पण एखादा सगळे धीराने निभावतो, पाहुण्यांना खुर्च्या देतो, पाद्र्याचा कोट धरून उभा राहतो, आणि मग काही दिवसांनी चारचौघांत, कात्री जागेवर नाही एवढ्यावरून खाली बसून ओरडत सुटतो. तो सांडतो. या अर्थाला छापील पुरावा एकच होता. कार्डावर लिहिले होते : ‘चाळिसाव्या दिवशी झाकण सापडेना, आणि आई सांडली.’ पान १४३.

पुस्तकात, पान १४३ वर, छापले होते : ‘चाळिसाव्या दिवशी झाकण सापडेना, आणि आई रडली.’

“अगं स्तोयना, इकडे ये जरा,” लिल्याना म्हणाली. “कालच मी सगळ्यांना सांगत होते, हिची कार्डं तपासायची म्हणजे घड्याळालाच वेळ विचारायची. माझीच दृष्ट लागली बघ.”

स्तोयनाबाईंनी ओळ वाचली. पुस्तक मिटले, पुन्हा उघडले.

“दुसरी आवृत्ती असेल ही.”

“एकच निघाली गं. तीनशे प्रती. हे मला तूच सांगितलंयस.”

पुस्तक स्तोयनाबाईंच्या भावाचे होते. मिन्चो अठरा वर्षे शिशाच्या खाणीत होता. १९८७च्या वसंतात, चाळिसाव्या वर्षी, छातीच्या विकाराने गेला. कादंबरी त्यानंतर चार महिन्यांनी आली. ती पहिली आणि तीच शेवटची. कोणत्याही ग्रंथसूचीत तिचे नाव नाही. कोशाच्या या खंडात एका शब्दाखाली ते यायचे होते.

दुपारी त्या स्वतःच संपादकांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर बोगोमिल त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होते आणि त्यांच्याशी बोलताना नेहमी उठून उभे राहत.

“बसा हो बाई. कार्ड काढून टाकू, कॉफी घेऊ, विषय संपला.”

“मी ते पुस्तक न वाचता लिहिलंय, डॉक्टर.”

“पानाचा आकडा तर बरोबर आहे.”

“पान उघडलं होतं. ओळ वाचली नाही.”

“का?”

“त्याच्या आवाजात पाठ होती. दवाखान्यात वहीतून वाचून दाखवायचा. तिथं ‘सांडली’ होतं.”

बोगोमिल यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. मग म्हणाले, “त्या वह्या आहेत कुठे? लेखकाच्या हातचा मजकूर असेल, तर टीप देऊन घेता येईल. खंड शुक्रवारी चारला बंद होतो.”

“आईकडे असतील.”

“मग जा ना. रजेचा अर्जबिर्ज राहू द्या.”

गुरुवारी सकाळी सातच्या बसने त्या निघाल्या आणि साडेनऊला गावात उतरल्या. आई एक्याऐंशी वर्षांची, एकटी राहते. तिने चुलीवर पातात्निक टाकला होता. किसलेल्या बटाट्याचा तो जाड पोळा उलटायला तिला आता दोन्ही हात लागत.

“गुरुवारी कशी आलीस? काढून टाकलं का कामावरून?”

“नाही गं. मिन्चोच्या वह्या हव्यात.”

“कशाला?”

स्तोयनाबाईंनी सांगितले. आईने ऐकून घेतले, पोळा उलटला, झाकण ठेवले.

“वह्या त्याच्याबरोबर गेल्या. पेटीत उशाशी ठेवल्या मी. तू पाद्र्याला आणायला गेली होतीस.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. एकवीस वर्षांत एकदा विचारायचं होतंस.”

आईने पुढ्यात ताट ठेवले. स्तोयनाबाईंनी खाल्ले नाही.

“पुस्तकात ‘रडली’ कसं झालं?”

“छापणाऱ्यांचं पत्र आलं होतं. हा शब्द शहरातल्या लोकांना कळायचा नाही, ‘रडली’ लिहू का म्हणून. मी सही दिली.”

“त्याचा शब्द होता तो, आई.”

“असेल. मला वाटलं, रडली बरं. रडतं सगळं जग. सांडली म्हटलं की गाव आयुष्यभर लक्षात ठेवतं.”

“तुझ्याबद्दलच लिहिलं होतं त्यानं. तुलाच लाज वाटली होय?”

आई स्टुलावर बसली. एप्रनला हात पुसत राहिली.

“माझ्याबद्दल? मी कधी सांडले? तुझा बाप गेला तेव्हा घरात दोन पोरं, दारात पाहुणे, गोठ्यात विणारी गाय. मला कुणी सांडू दिलं असतं?”

“चाळिसाव्याला. गव्हाच्या पातेल्याचं झाकण सापडेना तेव्हा. मी पाहिलंय. उंबऱ्यात बसली होतीस.”

“उंबऱ्यात तू बसली होतीस, पोरी.”

स्तोयनाबाईंनी ताट बाजूला सारले.

“सतरा वर्षांची होतीस,” आई म्हणाली. “चाळीस दिवस तू डोळ्यातून टिपूस काढलं नाहीस. लोक म्हणायचे, पोरगी आहे की दगड. चाळिसाव्याला गेलेल्याच्या नावानं उकडलेले गहू चर्चला न्यायचे, तर झाकण दिसेना. तू पातेलं धोंड्यावर आपटलंस. गहू अंगणभर. पाद्री आत यायचा थांबला. मिन्चोनं उचलून आत नेलं तुला, आणि मी बायकांना घेऊन एकेक दाणा वेचला. ते गहू टाकून द्यायचे नसतात.”

“मला असं काही आठवत नाही.”

“बरंच आहे की.”

“मला तू आठवतेस. उंबऱ्यात.”

“ते त्याच्या वहीतलं. इतक्यांदा वाचून दाखवलं त्यानं, तुला तेच दिसायला लागलं. लिहिण्याआधी आला होता माझ्याकडे. म्हणाला, आई, हे तुझ्या नावावर लिहू का? स्तोयनाच्या ऑफिसात पुस्तकं वाचणारेच लोक आहेत, ओळखतील. मी म्हटलं, लिही. माझं काय, मी म्हातारी व्हायला टेकले. तेव्हा साठीचीही नव्हते म्हणा.”

बाराच्या बसला अवकाश होता, तरी स्तोयनाबाई उठल्या. आईने पातात्निक कागदात बांधून त्यांच्या पिशवीत घातला.

“गाडीत खा. आणि रडायचं तर गाडीत रडू नकोस, ड्रायव्हर आपल्या गावचा आहे.”

शुक्रवारी पावणेचारला त्यांनी बोगोमिल यांच्यापुढे एक कागद ठेवला. त्यात चार ओळी होत्या. कार्ड आठवणीतून लिहिले आहे. मूळ वह्या उपलब्ध नाहीत. शब्द वगळावा. माझी बाकीची कार्डेही पुन्हा ताडून घ्यावीत.

“एकेचाळीस हजार?” मागोमाग आलेली लिल्याना म्हणाली. “अगं बाई, मला पेन्शन मिळू दे की सुखानं!”

कुणी हसले नाही. लिल्यानाही.

बोगोमिल यांनी कागदाची घडी घालून खणात ठेवली. “हे मी आज वाचत नाही. पण पुरवणी आहे ना. पुढच्या वर्षी निघेल. त्यात तोंडी पुरावा चालतो. १९३०च्या आधी जन्मलेली, त्याच गावची दोन माणसं सही करून देतील का, की हा शब्द या अर्थानं आम्ही वापरला? घेतला तर त्याखाली मिन्चोचं नावही घालता येईल, त्याच्या मजकुरात होता म्हणून. तेवढं मी करीन.”

त्यासाठीचा नमुना छापील आहे. त्यात चार रकाने आहेत. शब्द, अर्थ, कोणाबद्दल वापरला, कधी. तिसरा रकाना रिकामा ठेवला तर नमुना बाद होतो. नाव छापले जात नाही, पण कार्यालयात राहते.

पहिली सही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. गावातला जुना मेंढपाळ, वय ब्याऐंशी. त्याने तिसऱ्या रकान्यात स्वतःचेच नाव लिहिले आणि चौथ्यात, ‘कुत्रा मेला त्यानंतर’.

दुसरी सही करू शकेल असे त्या गावात आता एकच माणूस उरले आहे. स्तोयनाबाई ईस्टरला गेल्या तेव्हा आईने नमुना वाचून परत दिला.

“इथं कुणाचं नाव घालू? खोटं मी लिहिणार नाही. खरं लिहून देणार नाही.”

“एक शब्द राहील गं त्याचा.”

“तो तुझ्यासाठीच खोटं बोलला. ते मी मोडू?”

मंगळवार, २९ एप्रिलला स्तोयनाबाईंनी दुसरा नमुना घेतला. शब्द आणि अर्थ लिहिला. तिसऱ्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले, चौथ्यात ‘१९६९, वडिलांचा चाळिसावा दिवस’. खाली सहीची जागा मोकळी ठेवली आणि पाकीट रजिस्टर पोस्टाने आईच्या पत्त्यावर पाठवले.

‘सांडणे’ वगळून खंड २० मे रोजी छापखान्यात गेला. फेरताडणीत आतापर्यंत सहा हजार दोनशे बारा कार्डे पाहून झाली आहेत. दोष आढळलेला नाही. गावच्या पोस्टाची पोचपावती ७ मे रोजी मिळाली. तीवर आईची सही आहे. नमुना अजून आलेला नाही.