पुस्तकातलं एकच रंगीत चित्र

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात चिटगुप्पा गावच्या शिवशंकरप्पांच्या कापडदुकानात टपालानं एक पातळ पुस्तक आलं. त्यांची धाकटी बहीण निलम्मा हैदराबादेत चित्रं काढायची. तिच्या पहिल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग होता तो. बारा चित्रं. अकरा काळीपांढरी, मधल्या पानावर एकच रंगीत.

शिवशंकरप्पांनी ते आडवं धरलं, उभं धरलं. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. नुसता काळसर तांबडा पसारा आणि कडेला एक बारीक पिवळी पट्टी.

"काय काढलंय वो आपल्या निलीनं?" बायकोनं, ईरम्मानं मागून विचारलं.

"कळंना बघ," ते खजील होऊन म्हणाले. सगळे भाऊबंद लग्नासाठी मागं लागले असताना पोरीला शिकायला धाडलं ते त्यांनीच. आणि आता तिचंच चित्र कळू नये?

पण रंगांत तर त्यांचा जन्म गेला होता. लुगडं पारखावं तसं ते पुस्तक घेऊन दारातल्या उजेडात गेले. पान धरताना अंगठा पिवळ्या पट्टीवर पडला, तसा तांबडा रंग पार विझला. अंगठा सरकला, रंग पुन्हा पेटला.

"ईरम्मा, हिकडं ये. हितं अंगठा ठिव. आता काढ."

ईरम्मानं ठेवला, काढला, परत ठेवला. "अगं बाई! एवढ्याशा काठानं सगळं लुगडं तोलून धरलंय की!"

मग चार दिवस येईल त्या गिऱ्हाइकाचा अंगठा त्या पानावर टेकवला गेला. शिवशंकरप्पांना मात्र बाकीच्या अकरांचा घोर लागला. त्यांचे रंग कसे असतील?

"कामून झुरायलाव? जाऊन बघू की," ईरम्मा म्हणाली.

दुकानाला कुलूप लावून दोघं हुमनाबादेवरून हैदराबादला गेली आणि प्रदर्शनाच्या दारातच थबकली. पुस्तकात तळहाताएवढं असलेलं ते चित्र इथं अख्खी भिंत व्यापून उभं होतं.

"अण्णा! वैनी! चिठ्ठी तरी टाकायची!" निलम्मा धावत येऊन पाया पडली. चित्रं कशी वाटली हे विचारायचा तिला धीर होईना.

शिवशंकरप्पांनी बाराही चित्रं सावकाश पाहिली आणि त्या मोठ्या चित्रापाशी परत आले.

"निले, एवढ्या वरचं कसं रंगवलीस?"

"शिडीवर चढून."

"शिडी धरायला कोण हुतं?"

"कुणीच न्हाई, अण्णा."

त्यांनी मान वर करून चित्राच्या वरच्या कडेकडे पाहिलं. "असं एकटीनं चढू नको, बाई. म्होरच्या टायमाला मला बोलव. मी येतो शिडी धरायला."

"आन् दुकान?" ईरम्मानं विचारलं.

"तू बघ की," ते म्हणाले. निलम्मा डोळे पुसत हसायला लागली.