नारळाआधीचं पापलेट

काशीबाईच्या खानावळीत टेबलं जोडून उरणचे पाहुणे बसले, तेव्हा कुठे ठमाबाईचा जीव भांड्यात पडला. तिच्या लेकीचं, साक्षीचं लग्न ठरलं होतं आणि व्याही मंडळी पहिल्यांदाच मांडव्याला जेवायला आली होती. काशीच्या हातची मासळी खायला लोक लांबून येतात, तेव्हा घरी पंगत मांडली नाही यात काही कमीपणा नव्हता.

कमीपणा होता तो बर्फाचा. मासेमारीवरची सरकारी बंदी उठली होती, पण नारळी पुनव अजून यायची होती, आणि दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळीवाड्यातलं कुणी होडी लोटत नाही. गेटवेच्या लाँचसुद्धा अजून बंद होत्या. म्हणजे पाहुण्यांच्या ताटात येणार ती बर्फात ठेवलेली मासळी.

यावरून आदल्या दिवशी ती नवऱ्यावर, धर्माजीवर डाफरली होती. "कोल्याच्या घरचं जेवान न् बरफाचा पापलेट? त्यापरीस वरनभात वाढा त्यांना. नाक कापून घ्यावाची हौस हाय तुमाला." दारात जाळं सांधत बसलेला तिचा धाकटा मुलगा रितेश हसला होता. ठमाबाईच्या जिभेला हाड नव्हतं. बोलून झालं की ती विसरायची. ऐकणारे विसरत नाहीत, हे तिला कधी सुचलंच नाही.

सकाळी रितेश अंथरुणात नव्हता. पाहुण्यांसाठी थंडा आणायला अलिबागला गेला असेल, असं धर्माजी म्हणाला, आणि तीही तसंच धरून चालली.

ताटं आली. विहीण किशोरीने पहिला घास घेतला. "विहीनबाय, असा पापलेट आमच्या उरनलाही न्हाय गावत."

ठमाबाईने हसून आपला तुकडा मोडला. पांढरंशुभ्र मांस काट्यापासून पदर सुटावा तसं सुटलं. जिभेवर गोडवा आला. जन्म मासळी विकण्यात गेला होता तिचा. हे पापलेट आज पहाटे पाण्यात होतं. खरं सांगायचं तर आधी तिची छाती फुगलीच. मग तिच्या ध्यानात आलं, नारळाआधीच कुणीतरी होडी लोटली होती. ती पाणी आणण्याच्या निमित्ताने उठली आणि आत गेली.

"काशे, ही मासली कोनी आनली?"

काशी तव्यावरून नजर न काढता हसली. "तुज्या पोरानं. तुला सांगू नको बोलला. आयेचं नाक कापलं जावाला नको, म्हनून अंधारातच होडी काढली."

"आता कुठं हाय तो?"

"मासली कमी भरली ना. पाहुन्यांना दुसऱ्यांदा वाढावाला पायजे बोलला, न् परत गेला. येल आता."

मागच्या दारातून दर्या दिसत होता. वारा फिरला होता. धक्क्यावर लाटा चढून फुटत होत्या आणि कोळीवाड्यातले चारपाच म्हातारे किनाऱ्यावर येऊन नुसते उभे होते. ठमाबाईला ती उभं राहण्याची तऱ्हा ठाऊक होती. तिचा भाऊ दर्यात गेला त्या दिवशी हीच माणसं अशीच उभी होती.

बाहेरून किशोरीचा आवाज आला. "विहीनबाय, अजून एक मिलंल काय? जावयाला लय आवडला तुमच्या."

तव्यावर एकच पापलेट उरलं होतं. काशीने ते उचलायला उलथनं घातलं, तशी ठमाबाईने तिचं मनगट धरलं.

"त्याला हात लावू नको. तो माज्या रितेशचा हाय."

"अगो, तो आल्यावर दुसरा तलते ना."

"हाच ठेव. झाकून ठेव."

तिने पदराने तोंड पुसलं आणि ती बाहेर आली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"आता बरफातलाच हाय," ती म्हणाली. "चालंल ना?"

धर्माजीचा हात ताटातच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने बायकोच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग रितेशच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि तो हातही न धुता धक्क्याकडे धावत सुटला.