चंद्राची कड

लग्नाचे फोटो साफ करण्यात माझी हयात गेली. आमचे हे, दिलदार, फोटो काढतात आणि मी कॉम्प्युटरवर बसून नवऱ्या मुलींचे मुरूम पुसते, मामांची पोटं आत ढकलते. कळंब्यात आमच्या स्टुडिओला नाव आहे ते माझ्यामुळे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी यांनी दुर्बीण आणली. संध्याकाळी परसात ती उभी करायची, कॅमेरा जोडायचा आणि चंद्राचे फोटो काढायचे. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे यायचं, सकाळी मी छापून हातात द्यायची. हे भिंग लावून बघायचे आणि तोंड पाडून बसायचे. फोटो आवडला नाही असं समजून मी पुढच्या वेळी आणखी मन लावून काम करायची.

परवा संध्याकाळी यांनी मुरगूडच्या लग्नाचं काम नाकारलं. फोनवर म्हणाले, "दुसरा कुणी बघा पावणं. माझ्याच्यानं आता न्हाय व्हायचं." मी पीठ मळता मळता परसात आले.

"काय झालंय तुम्हाला?"

"डोळं गेलं माझं, नजीरा." ते पुढ्यातल्या दुर्बिणीकडे बघत म्हणाले. "दुर्बिणीतनं चंद्राच्या कडंला खाचा दिसत्यात. विवरं हायत ती, बाजूनं दिसणारी. तीच टिपायची हायत मला. पण फोटोत बघावं तर कड ताटासारखी गुळगुळीत. म्हंजे नसलेलं दिसाय लागलंय. असल्या डोळ्यानं लोकांच्या पोरींचं फोटो काढू?"

"कड व्हय?" मी म्हणाले. "ती मीच साफ केली की."

आम्ही नवरीला फोटोतून कापून राजवाड्याच्या चित्रासमोर उभं करतो. तिची कड खडबडीत राहिली की मी ती घासूनपुसून सारखी करते. चंद्राचीही तशीच केली.

"दर येळी?"

"दर येळी. आणि मूळ फोटो बी पुसलं. कार्ड रिकामं लागतंय की."

मला वाटलं, आता आकांडतांडव होणार. यांनी एवढंच विचारलं, "मग खाचा होत्या?"

मला आठवेना. पुसलेला मुरूम कोण लक्षात ठेवतं? ती काचेवरची धूळही असेल. खोटा धीर द्यावा असं फार वाटलं, पण जीभ वळेना.

सात दिवसांचा चांद वर होताच. मी पिठाचे हात ओढणीला पुसले आणि पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावला.

"वरच्या बाजूला बघ, तिथं..."

"गप्प बसा. तुम्ही सांगितलं तर मला तेच दिसंल."

आधी नुसता उजेड हलत होता. मग तो ठरला. कड सरळ नव्हतीच. कुणी दातांनी कुरतडल्यासारखी होती, आणि मला ती पुसावीशी वाटेना.

"दोन खाचा हायत, जवळजवळ," मी सांगत गेले. "मग उंचवटा. त्याच्या पुढं मोठी खाच, पसरट."

वळून बघितलं तर हे चष्मा हातात धरून रडत होते.

"मला बी तेच दिसतंय," ते म्हणाले. "आणि मोठ्या खाचेच्या पल्याड, अंधारात, उजेडाचा बारीक ठिपका हाय. सुटा."

मी पुन्हा डोळा लावला. तो ठिपका सापडायला मला बराच वेळ लागला.