वाफेची नळी

ओहायोतल्या त्या चर्चच्या तळघरात दर शनिवारी दुपारी खेळण्यातल्या आगगाड्या धावायच्या. खेळणं म्हणालात तर त्या गाड्या हौसेनं घडवणाऱ्या मंडळातली म्हातारी माणसं अंगावर येतील, ते सोडा. व्हर्लिन स्ट्राउड तिथला तपासनीस. डब्यात काही उणं दिसलं की लाल चिठ्ठी ठेवून डबा रुळावरून उतरवायचा, हा नियमही त्याचाच.

त्या दिवशी एक्क्याऐंशी वर्षांच्या ऑरिन हास्केलनं स्वतः घडवलेला एक्सप्रेस बॉक्सकार आणला. दिसायला मालडबा, पण पार्सलं घेऊन प्रवासी गाडीला जोडून धावणारा. म्हणून त्याला वेगाची चाकं, आणि मागच्या डब्यांना ऊब पोचवणारी वाफेची नळी. मालडबा असून मेलगाडीत मिरवतो, म्हणून सगळे असल्या डब्यांवर जीव टाकायचे. व्हर्लिननं तो उचलला आणि अंगठ्याखाली काहीतरी कट्‌कन तुटलं. तांदळाच्या कणीएवढी नळी त्याच्या स्वेटरच्या बाहीला अडकली. कुणी पाहिलं नव्हतं.

"काय हो ऑरिन, नळी लावायची राहिली? मागचे प्रवासी गारठून मरायचे की," तो बोलून गेला. सगळे हसले. लाल चिठ्ठी पडली.

ऑरिननं डबा डोळ्यांजवळ नेला. "लावली होती रे मी. लावली होती ना?"

पुढच्या शनिवारी त्याला मुलीनं आणून सोडलं. चिमटे, ब्रश, भिंग, सगळं खोक्यात भरून त्यानं व्हर्लिनपुढे ठेवलं. "ठेव तुला. नळी लावल्याचं मला लख्ख आठवतंय आणि नळी तर नाही. म्हणजे डोक्याचं काही खरं नाही आता. मोटारीच्या चाव्यासुद्धा देऊन टाकल्या मुलीला."

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर खिशात बाळगलेली कागदाची पुडी त्यानं उघडली. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे. माझ्या हातून तुटली."

ऑरिननं भिंगातून नळी पाहिली. "आठवडाभर तुझ्याकडे होती?"

"हो."

"मी रात्र रात्र जागलो रे." मग तो उठला. "चल, मुलीकडे चल. माझं नाही ऐकायची ती. तू सांग, आठवडाभर का गप्प बसलास तेही सांग."

बाहेर सवयीनं ऑरिन व्हर्लिनच्या मोटारीच्या स्टिअरिंगच्या बाजूला गेला. दारावर हात ठेवून थबकला, आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.