नको म्हणायची सोय

"बाबा, आत्ता अंग पुसू, की थोड्या वेळानं?"

पाण्याचं भांडं हातात धरून मी विचारलं. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको."

पक्षाघातानंतरच्या दोन वर्षांतला हा त्यांचा पहिला नकार. सासूबाई दारातूनच कडाडल्या, "आजारी माणसाला विचारायचं कसलं? पाणी गार होतंय, पूस!"

"वर्गात असंच शिकवतात, आई."

"जर्मन शिकायला जातेस, का आम्हाला वळण लावायला?"

जर्मनीत नर्सची नोकरी मिळावी म्हणून मी ड्यूटी संपली की त्या वर्गाला पळायचे. तिथे बोलण्याच्या सरावासाठी आम्ही आळीपाळीनं रुग्ण व्हायचो. जर्मन पद्धतच अशी, विचारल्याशिवाय रुग्णाची चादरही उचलायची नाही. नको म्हणाला तर मागे व्हायचं. पहिल्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. माझ्या वॉर्डात तीस खाटा. विचारत बसले तर सकाळच्या गोळ्या संध्याकाळी पोचायच्या! पण एकदा मी रुग्ण होऊन पडले होते, मैत्रिणीनं विचारलं, "उशी सरकवू का?" आणि मला रडूच कोसळलं. लग्नानंतरच्या सहा वर्षांत घरात मला असं कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला नाही. सगळे एकमेकांसाठी मरमर मरत होतो, एवढंच.

परीक्षा पास झाले. बोलावणं आलं. वर्षभर लेकीला नेता येणार नव्हतं.

"आई सांभाळेल की," नवरा म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

सासूबाई लेकीची वेणी घालत होत्या. मी समोर बसले.

"आई, वर्षभर हिला सांभाळाल? नको असेल तर तसं सांगा."

त्यांचे हात थांबले. "नाही म्हटलं तर?"

"तर नाही जाणार."

त्यांनी अर्धी झालेली वेणी सोडली आणि पुन्हा कंगवा हातात घेतला.

"नाही गं होणार. ह्यांना उचलून उचलून कंबर गेली माझी. आता हिच्यामागे धावायचं..." बोलता बोलता त्या स्वतःच दचकल्या. घाईघाईनं म्हणाल्या, "अगं, जा तू! मी आपलं उगाच बोलले."

पण पहिलं उत्तर मी ऐकलं होतं.

मी त्यांच्या हातातून कंगवा घेतला आणि लेकीला माझ्याकडे ओढलं. सासूबाई भिंतीला टेकल्या. थोड्या वेळानं त्यांनी हळूच पाय लांब केले.